सही अडवणारे

नांदवायचंही नाही आणि सोडायचंही नाही. सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात थोडा वेळ उभं राहिलं तरी हे गाऱ्हाणं कानावर येतं. पोरगी माहेरी बसून आहे, जावई सही देत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघांची संमती निकालाच्या दिवसापर्यंत टिकावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. त्यामुळे आधी हो म्हणायचं, तिच्याकडून दागिन्यांवर पाणी सोडवून घ्यायचं आणि ऐन तारखेला फिरायचं, हा धंदाच झाला आहे. तरी हिंदू बाईला छळ किंवा परित्याग सिद्ध करून एकटीने निकाल मिळवता येतो. मुसलमान बाईच्या खुल्याला, म्हणजे तिने स्वतःहून घेतलेल्या घटस्फोटाला, नवऱ्याची संमती लागत नाही, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. चपला झिजतात, पण वाट आहे.

ज्यू धर्मशास्त्रात ती वाट जवळजवळ बंद आहे. तिथे लग्न न्यायाधीश मोडत नाही, नवरा मोडतो. लेखनिक त्या एका जोडप्यासाठी बारा ओळींचा कागद हाताने लिहितो. त्याला ‘गेट’ म्हणतात. दोन साक्षीदारांसमोर नवरा तो बायकोच्या ओंजळीत सोडतो, ती तो घेऊन चार पावलं चालते आणि मोकळी होते. त्याने सोडलाच नाही, तर ती जन्मभर बांधलेली. तशीच दुसरा संसार मांडून बसली, तर त्या मुलांना समाजात लग्न करायची बंदी. उलट बायको अडून बसली, तर युरोपातल्या ज्यूंच्या परंपरेत पुरुषाला शंभर रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, परवानगीने दुसरं लग्न करता येतं. शंभर रब्बी बाईसाठी कधी जमत नाहीत.

याची झळ मराठी घरांनाही लागली. आपले कोकणातले बेने इस्राएल ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, इस्राएलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी हुकूम काढला: यांचं बाहेरच्या ज्यूंशी लग्न लावण्याआधी मागच्या पिढ्या तपासा. शंका अशी, की अलिबाग-रेवदंड्याकडे यांच्या आज्या-पणज्यांचे काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले होते का? माणसं रस्त्यावर उतरली, जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये हुकमातून त्यांचं नाव निघालं. मेलेल्या पणजीचा कागद मागणारी ही व्यवस्था जिवंत नवऱ्याकडून मात्र कागद काढू शकत नाही. इस्राएलमध्ये एक जण बायकोला गेट न देता ३२ वर्षं तुरुंगात राहिला आणि १९९४ मध्ये तिथेच मेला. असल्या हट्टाला श्रद्धा म्हणायची माझी तयारी नाही.

कॅनडात एका नवऱ्याने गेट देईन असं लिहून दिलं आणि पंधरा वर्षं दिलं नाही. हा धर्माचा मामला, कोर्टाने पडू नये, असं तो म्हणाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्याला ४७,५०० डॉलर भरपाई भरायला लावली.

मग पोटगी हातात पडेपर्यंत सही न देणारी बाईही तसलीच का? नाही. ती आपल्या हक्काचं मागते, कारण सही गेली की तिच्याकडे अडवायला काहीच उरत नाही. ज्याला संसार करायचा आहे त्यानेही खुशाल नकार द्यावा. ज्याला संसार नको, देणं नको, फक्त ती कुणाची होऊ नये एवढंच हवं, त्याचा नकार म्हणजे छळ आहे आणि न्यायालयाने तो छळ म्हणूनच मोजावा.

वकील मंडळींनो, तडजोडीच्या कागदावर दागिने, फ्लॅट, मुलांच्या सुट्ट्या असं सगळं लिहिता. त्याखाली आणखी एक अट घाला: जो ऐनवेळी संमती फिरवेल, त्याने तडजोडीत घेतलेलं सगळं परत करायचं आणि पुढच्या प्रत्येक तारखेचा दुसऱ्याचा खर्चही भरायचा.