भाऊबीजेच्या पाहुण्यांआधी नवऱ्याला खुले पत्र

अहो,

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. घरात सांगितलं की तुम्ही "होईल गं सगळं" म्हणून पेपर उघडता. दिवाळीत सगळं होतं, हे खरंच आहे. ते कोण करतं, हे भाऊबीजेला येणाऱ्या वन्संना ठाऊक आहे, मुलांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त तुम्हाला.

यंदाही फोनवर तुम्ही कराडच्या सगळ्यांना "या की, घर आपलंच आहे" म्हणालात. यावेत, मलाही ती माणसं हवीच आहेत. पण नेरूळच्या आपल्या वन बीएचकेमध्ये सहा जण झोपणार कशावर, हे तुम्ही विचारलंत का? चार महिन्यांच्या पावसानंतर इथे गाद्यांना कुबट वास येतो, कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते. गाद्या-गोधड्यांना ऑक्टोबरचं ऊन दाखवायचं तर वॉचमनकडून गच्चीची किल्ली आणा, सगळं वर चढवा आणि आभाळ भरून आलं की धावत उतरवा. पाहुण्यांची गाडी कळंबोलीला पोचल्यावर हे करता येत नाही.

अनारशांचं तर बोलायलाच नको. ताटातला पहिला अनारसा तुम्ही उचलता. त्यासाठी तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं. मग ते सावलीत पसरायचे, जरा दमट असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ मळायचं आणि काही दिवस मुरू द्यायचं. म्हणजे दसरा झाला की लगेच ही आठवण कुणाच्या तरी डोक्यात हवी. ते डोकं दरवर्षी माझंच असतं. दिवाळीचा ताण मला कामाने येत नाही, या एकटीने आठवत राहण्याने येतो.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं देताना दिसल्या आणि घरकाम करणारे पुरुष 88. लक्षात घ्या, हे जे करतात त्या पुरुषांचे आकडे आहेत. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांनी काम उचललं म्हणून नव्हे. त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झाली.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तुम्ही विचारता, "सांग ना, काय करू?" काम शोधायचं, समजावायचं, झालं का ते पुन्हा विचारायचं, ही माझ्या माथी आणखी एक पाळी. कांदे आणा म्हटलं तर एपीएमसीतून अख्खी गोण आणलीत आणि ती ठेवायला जागा मी शोधली. पाहुणे दारात असताना तुम्हाला माळा आवरायचा असतो! माळ्यावर कोणी पाहुणा चढत नाही. त्याला हवं असतं स्वच्छ न्हाणीघर, कोरडा टॉवेल, वास न येणारं अंथरूण आणि मोबाईल चार्ज करायला एक जागा. एवढंच नीट झालं तरी माणसं सुखाने राहतात. पडदे पुढच्या महिन्यात धुतले तरी चालतील.

चकल्या-करंज्या यंदा बचत गटाच्या बायकांकडून येतील. त्यांच्या हातात चार पैसे पडतील आणि माझी कंबर वाचेल. "घरच्यासारखं नाही लागत" असं ज्याला म्हणायचं असेल त्याने कढईपुढे उभं राहावं.

तर यंदा गाद्या, न्हाणीघर आणि अनारसे तुमच्याकडे. आठवण ठेवण्यापासून गच्चीची किल्ली परत करण्यापर्यंत सगळं. मी मध्ये विचारणार नाही आणि राहून गेलं तर गुपचूप करूनही ठेवणार नाही. वन्संना कुबट गादी मिळाली तर उत्तर तुम्ही द्यायचं.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्या नवरोबांनो, पाहुण्यांना "या" म्हणून फोन ठेवलात की आधी घरातल्या गाद्या मोजा.