चालकासह दोन

शिरढोणच्या माणसाच्या अंगात थोडं बंड असतंच, असा आम्हा शिरढोणकरांचा समज आहे. त्याला कारणही आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके आमच्या गावात जन्मले. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करता करता त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध हत्यार उपसलं, आणि एडनच्या तुरुंगात डांबल्यावर कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून ते बाहेर पडले, असं सांगतात. एवढा वारसा पाठीशी असताना मी कुरियरवाल्याची एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन तिचं चाकांवरचं घर करायचं ठरवलं, तर घरच्यांनी एवढं दचकायला नको होतं. माझं बंड मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ याच्याविरुद्ध निघालं, आणि तेही मला पत्ता नसताना.

कल्पना हायवेने दिली. मुंबई-गोवा महामार्ग आमच्या गावावरूनच जातो. पळस्पे ते इंदापूर या पट्ट्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून गणपतीत कोकणात जाणाऱ्यांच्या गाड्यांची रांग हा आमच्याकडचा वार्षिक देखावा झाला. त्या रांगेत लोक चहा पितात, जेवतात, भांडतात, पोरांचा गृहपाठ घेतात. आईच्या माहेरचा गणपती कणकवलीकडे, म्हणजे त्या रांगेत आम्हीही असतोच. एवढा संसार गाडीतच करायचा तर गाडीत ओटा का नको, हा माझा मुद्दा होता. शिवाय २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरावॅन पर्यटनाचं धोरणच जाहीर केलं होतं. सरकार माझ्या पाठीशी आहे, असं मी बायकोला सांगितलं. धोरण वाचलंस का, असं तिने विचारलं. बंडखोर माणसं वाचत बसत नाहीत.

सुताराने मरीन प्लायचं काम सुरेख केलं. ओटा, सिंक, पाण्याच्या कॅनचं कपाट, घडीचं टेबल. एका बाजूला पत्रा कापून सरकती खिडकी, छतात पंखा. दुसऱ्या बाजूला भिंतीलगत लांबलचक सोफा. त्याच्या पोटात भांडी, पाठ खाली ओढली की पलंग. शेजारीपाजारी चपला काढून आत येऊन बघून गेले. गाडी अंगणात उभी होती, दार उघडं होतं, कर्नाळ्याचा सुळका खिडकीतून दिसत होता. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. आई तेवढी सोफ्यावर बसून हाताने काहीतरी चाचपत होती.

"गाडी चालू झाली की मी धरू कशाला?"

इथे मला म्हणायला हवं होतं, "आई, तू म्हणतेस ते खरं." मी म्हणालो, "हळू चालवीन."

खरी गोष्ट अशी की एवढ्या दिवसांत मी ती गाडी मनात एकदाही चालवली नव्हती. मी घर बांधत होतो. चहा कुठे करायचा, मोबाइल कुठे चार्ज करायचा, पाऊस आला तर ओल्या छत्र्या कुठे ठेवायच्या, सगळं ठरलं होतं. पुढे मी आणि बायको. मागे आई, मामा आणि दोन पोरं. हे चौघं चालत्या गाडीत कसे बसणार, या प्रश्नाला माझ्याकडे 'सोफ्यावर' एवढंच उत्तर होतं.

मामा पुढे सरसावले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त. त्यांनी उभ्या आयुष्यात लाखो बोल्ट मोजले आहेत, बसवलेला एकही नाही. "सीटबेल्ट लावून टाकू, हाय काय आणि नाय काय!" मग आम्ही कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून कुठल्याशा मोटारीतून काढलेले पट्टे आणले. सुताराने ते सोफ्याच्या प्लायला स्क्रूने घट्ट बसवले. मामांनी एक पट्टा कमरेला लावून स्वतःला पुढेमागे झोकून पाहिलं आणि प्रयोग यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. त्यांच्या मते आमच्यावर तशी सक्तीही नव्हती. नियमात मागच्या ज्या आसनांवर पट्टा लावायला सांगितलाय ती पुढे तोंड करून असलेली, आणि आपला सोफा तर आडवा!

हाच युक्तिवाद मी कळंबोलीच्या एका गॅरेजवाल्याला ऐकवला. ब्रेक तपासायला गाडी त्याच्याकडे नेली होती. त्याने हात पुसत सोफ्याकडे पाहिलं. "नियमातून सुटाल, शेठ. मग ब्रेक मारला की सोफ्यावरूनही सुटाल." आडव्या बसलेल्या माणसाला पट्टा फक्त कमरेत धरतो, वरचं धड गाडीच्या नाकाकडे झेपावतं आणि कंबर जागीच राहते. हे सगळं त्याने मामांना धरून करून दाखवलं. मामांची मान नंतर दोन दिवस एकाच बाजूला होती.

मग त्याने कोपऱ्यातली पहार आणली, पट्ट्याच्या मुळाशी घातली आणि नुसता भार दिला. प्लायचा टवका उडाला, स्क्रू मुळासकट बाहेर. मी म्हटलं, बरं, प्लाय सोडा, थेट गाडीच्या तळाच्या पत्र्यात बोल्ट मारू. त्याने तेही केलं: एक भोक, एक बोल्ट, खाली हार्डवेअरच्या दुकानातला वॉशर, वर लोखंडी पट्टी. पुन्हा पहार, या वेळी तो आणि त्याचा पोऱ्या दोघं मिळून. आधी पत्रा फुगला, मग फाटला. बोल्टला ओरखडासुद्धा नव्हता. वॉशर मात्र वाटीसारखा वळून बोल्टसोबत भोकातून वर आला होता. मी तो खिशात घातला, का कोण जाणे.

"बोल्ट तुटत नाही कधी," तो म्हणाला. "पत्रा सोडतो." मोटारीतल्या पट्ट्याचा बोल्ट साडेतीन सुती असतो, चांगल्या पोलादाचा. कंपनी त्याच्यामागे जाड पट्टी वेल्ड करते, आणि पट्टी चासीच्या किंवा बॉडीच्या मजबूत भागाला धरून असते. चाचणीत अशा एका जागेवर छातीचा पट्टा साधारण १,३५० किलोच्या जोराने ओढतात, त्याच वेळी कमरेचाही तेवढ्याच जोराने. पट्टा सीटलाच जोडलेला असेल तर वर सीटच्या वजनाच्या वीसपट ओढ. आमच्या सोफ्याचं वजन मामांनी मनात केलं आणि गप्प झाले. हा जोर कुणी हौसेने ठरवलेला नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी जागच्या जागी थांबली, तर आतल्या मोकळ्या माणसाला तो मार जवळजवळ १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. आईला धरायला मी देत होतो ओट्याची कड.

त्या संध्याकाळी मला ४ सप्टेंबर २०२२ आठवला. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. तेव्हा मी घरात सगळ्यांना मागच्या सीटच्या पट्ट्यावर व्याख्यान दिलं होतं. बायकोला ते शब्दशः पाठ होतं. तिने ते मला परत ऐकवलं.

आता कायदेशीर काय ते करू, म्हणून आरसी बुक घेऊन मी पासिंगच्या साहेबांकडे गेलो. साहेब सज्जन निघाले.

"किती माणसं बसणार?"

"सहा."

त्यांनी आरसी बुकावर बोट ठेवलं. "इथं काय लिहिलंय?"

"चालकासह दोन."

"मग हे वरचे चार?"

"घरचेच आहेत, साहेब."

"घरचे आहेत म्हणून वजन कमी भरत नाही."

गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली होती. स्वस्त का मिळाली, ते मला खुर्चीत बसल्याबसल्या कळलं. कलम ५२ सांगतं की बनवणाऱ्याने दिलेल्या आणि आरसी बुकात चढलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली. दर बदलामागे! खिडकी, पंखा, सिंक, सोफा... मी मनात पाचाचा पाढा म्हणू लागलो. सुताराने आवडीने लावलेली कपबशांची फळी बदलात मोडते का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

विम्याचं साहेबांनीच काढलं. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाला काही झालं तर विमा कंपनी त्याला बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात सांगून ठेवलंय. घरी येऊन हे मी सोप्या भाषेत समजावलं.

"म्हणजे मी माल?" आई म्हणाली.

"मालाचा विमा निघतो, आई. तुझा तोही नाही."

यावर घरात जी शांतता पसरली तिच्यात मी जेवलो.

मार्ग नव्हता असं नाही. मोटर कॅरावॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआय ही चाचणी संस्था आहे. मान्यता मिळालेल्या बॉडी बिल्डरकडून बांधून घेतलेल्या गाडीत प्रवासाच्या सीटा आणि झोपायच्या जागा वेगवेगळ्या धरतात. त्याहून सोपं म्हणजे मुळात प्रवासी म्हणून नोंदलेली, कंपनीच्याच सीटा आणि पट्टे असलेली गाडी घ्यायची. सीटांना हात लावायचा नाही, उरलेल्या जागेत उचलून काढता येईल एवढंच स्वयंपाकघर ठेवायचं. हे गॅरेजवाल्याने मला गाडी घेण्याआधी सांगितलं असतं, मी विचारलं असतं तर. माझ्या गाडीच्या पत्र्यात सीटा बसवायला मात्र त्याने साफ नकार दिला. पैसे पुढे केले तेव्हा त्याने पहारीकडे नुसतं पाहिलं.

तर खिडकीच्या जागी पत्रा परत आला, छताचं भोक बुजलं, सोफा निघून माजघरात गेला. त्यावर आता आई दुपारी लवंडते, आणि तिच्या मते सोफा छान आहे, तो हलत नाही म्हणून. गणपतीला आई, बायको आणि पोरं पनवेलहून तुतारी एक्स्प्रेसने गेली. सामान मी व्हॅनमधून नेलं: मोदकपात्र, मखर, नारळाचं पोतं. सगळं दोरीने आवळून, कायद्याच्या चौकटीत.

राहिली पुढची डावीकडची सीट. कंपनीने बसवलेली, पट्टा कंपनीचा, आरसी बुकात रीतसर चढलेली. तिच्यावर कोण बसणार याचा निर्णय माझ्या हातात नव्हता. रेल्वेचं आरक्षण करताना मामांचं तिकीट काढायला बायको विसरली होती. कर्नाळ्याच्या जंगलापर्यंत मामांनी मला गाडी कशी चालवावी ते सांगितलं. खारपाड्याच्या पुलावर रांग लागली तेव्हा त्यांनी चहाची तलफ व्यक्त केली, ओटा कुठाय म्हणून मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टा तपासून झोपी गेले.