कोपरातली शकुंतला

काही घरांत पाहुण्याला पाणी मिळण्याआधी काहीतरी पाहावं लागतं. कुणाकडे दुभती म्हैस असते, कुणाकडे अमेरिकेतल्या नातवाचे फोटो. कौंडण्यपुरात आमच्या भाऊंकडे रेल्वे आहे. हे गाव रुक्मिणीचं माहेर. श्रीकृष्ण इथं रथानं आला, पंढरपूरची पालखी इथून पायी निघते, उरलेली जनता एसटीनं ये-जा करते. रूळ काही गावात आले नाहीत. वर्धा नदीपल्याड आर्वीपर्यंत पुलगावहून छोटी गाडी यायची, तीही बंद पडली. ही उणीव भाऊंनी निवृत्तीनंतर एकहाती भरून काढली. फक्त १:८७ या प्रमाणात.

ब्रॉडगेजवाल्याला इंजिनाची हौस असते, नॅरोगेजवाल्याला अडचणीची. भाऊ दुसऱ्या जातीचे. त्यांनी मांडलेली गाडी म्हणजे यवतमाळकडची नॅरोगेज शकुंतला. तिच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ येतात, आणि बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. "देवानंच जमवून आणलं न बाप्पा!" असं भाऊ नास्तिक व्याह्यांनाही ऐकवतात. उरलेल्या पाव मिलिमीटरचा विषय ते काढत नाहीत.

खरी गोम पुढे आहे. शकुंतला ही वऱ्हाडातली सरळमार्गी बाई. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, तिथून अचलपूर ७६. दोन्हीकडं कपाशीचं सपाट काळं रान. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिनं १९९४ पर्यंत वापरलं, पण गरागरा फिरायची वेळ तिच्यावर आली नाही. ती भाऊंनी आणली. यवतमाळ-मूर्तिजापूर या प्रमाणात मांडायचं तर १३०० मीटर जागा पाहिजे, आणि भाऊंच्या खोलीत पलंग आहे. त्यामुळे गाडीनं गोल फिरणं आलं. आधी ती टेबलावर फिरायची. वहिनींनी टेबल शिलाई मशीनसाठी परत घेतलं आणि कडेला चीर गेलेला एक कोपर दिला. पुण्याकडच्यांनी परात म्हणावं. तेव्हापासून कपाशीच्या गाठी कोपरात वाहिल्या जातात.

मग पाहुणा हमखास म्हणतो, "भाऊ, खरी गाडी एवढ्यात वळत नसते." भाऊ याच वाक्याची वाट पाहत बसलेले असतात.

"माथेरान पाह्यलं का?"

पाहुण्यानं पाहिलेलं असलं तरी फरक पडत नाही. १९०७ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉयांच्या खटपटीतून झालेली ती दोन फुटी गाडी. सगळ्यात आवळ वळणाची त्रिज्या ४५ फूट. भागिले ८७, म्हणजे १५८ मिलिमीटर. "अन् माह्यं वळण हाये एकशे साठचं. माथेरानपेक्षा दोन मिलिमीटर सैल! बोल आता." माथेरानच्या जुन्या जर्मन इंजिनांची टोकाची चाकं वळणावर बाजूला सरकायची, म्हणून ती तिथं निभली, हेही भाऊच सांगतात. मूर्तिजापूरजवळ डोंगर कुठं आहे, हे मात्र विचारू नये. चहा मिळत नाही.

या छंदानं भाऊंची नजर कायमची बिघडली. रस्त्यात लांब एसटी वळत असली की माझा दंड धरून उभे राहतात. "पाय, पाय! पोट आत गेलं अन् शेपूट भाईर आली!" सगळी प्रवासी मंडळी खिडकीतून आमच्याकडे पाहतात. पण भाऊंचं शास्त्र पक्कं आहे. डबा जितका लांब, तितकं त्याचं पोट वळणाच्या आत आणि टोकं बाहेर. जोडणी डब्याच्या अंगाला ठोकलेली असली की शेजारचे दोन डबे एकमेकांना रुळांवरून खेचतात; तीच चाकांच्या बोगीला लावली की वळणासोबत फिरते. गाडी लांब आणि डबे हलके असले तर ताण बसताच मधला डबा आतल्या बाजूला आडवा होतो. हे सगळं भाऊंनी लग्नाच्या पंगतीत वरणाची वाटी सरकवून मला समजावलं. वाढप्या ताटकळला, मुलीचा बाप धास्तावला.

कोपरातलं वऱ्हाड अस्सल असावं म्हणून भाऊंनी शेतातली काळी माती चाळून, डिंकात कालवून पसरली. दोन दिवसांत ती अशी तडकली की रूळ उचलून आले. दुसरा कुणी हळहळला असता. भाऊंनी शेजारीपाजारी बोलावून आणले. "हुबेहूब मे महिना!" भेगा तशाच ठेवल्या, रूळ तेवढे दाबले, आणि वर बाभळीच्या काटक्या खोचल्या.

गाडी आठवड्यातून एकदा तरी घसरतेच, बहुतेक वेळा पाहुण्यासमोर. त्या क्षणी भाऊ खरे फुलतात. भिंग काढतात, चाकांमधलं अंतर मोजतात, रुळाच्या सांध्यावरून बोट फिरवतात. नीट चालणाऱ्या गाडीपुढे हेच भाऊ पेंगताना दिसतात. माझं स्पष्ट मत आहे की त्यांना आगगाडीपेक्षा घसरण आवडते, आणि ते वळण मुद्दाम आवळ ठेवतात. वहिनींचंही तेच मत आहे, फक्त त्यांचे शब्द छापण्याजोगे नाहीत.

कौंडण्यपूरला आलात तर अंबिकेचं दर्शन घ्या, वर्धेचा काठ पाहा आणि वेळ असेल तर भाऊंकडे जा. कोपराला हात लावू नका. आणि चौथा डबा जोडायला सांगू नका. त्या वळणावर तीनच निघतात.