निळ्या पडद्यावरचं सी

चंदीगडला सेक्टर २६ मध्ये एनआयटीटीटीआर ही केंद्र सरकारची संस्था आहे. पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकीच्या शिक्षकांना शिकवायला शिकवणं, हे तिचं काम १९६७ पासून चालू आहे. महाराष्ट्रासाठी अशीच संस्था भोपाळला आहे. प्रोग्रॅमिंगच्या शिक्षकांना आज तिथे पाठवायची फार गरज आहे.

सी शिकवायचं की पायथन, यावर आपण तावातावाने बोलतो. पण वर्गात काय चालतं? काही प्रयोगशाळांत अजून टर्बो सीचा निळा पडदा उघडतो. हे बोरलँडचं, डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर. ६४-बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये कोंबून चालवायचं. त्यात पूर्णांकाला दोनच बाइट मिळतात. ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येतं. हे असं का होतं, हा तासभर रंगणारा धडा आहे. पण सांगतं कोण? मुलं ‘कोनिओ डॉट एच’ आणि ‘गेटच’ पाठ करतात, आणि लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर समोर आला की पहिल्याच ओळीला अडतात. जीसीसी १९८७ पासून फुकट मिळतो, तेव्हा पैशांची सबब इथे चालणार नाही.

नुसतं पायथन आणूनही भागणार नाही. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून प्रोग्रॅम उतरवायचा, आउटपुट चिकटवायचं, सही घ्यायची, ओरलला व्याख्या म्हणायची. या रिवाजात कुठलीही भाषा मरते. लेखी परीक्षेत मूल कागदावर प्रोग्रॅम लिहितं. तो कधीच चालवला जात नाही, त्यामुळे चुकला कुठे हे त्याला कळायची सोयच नाही. आणि प्रोग्रॅमिंगचा निम्मा व्यवहार तर चूक शोधण्याचाच!

शिक्षकांनी वर्गात सगळ्यांसमोर, टिपणं न बघता प्रोग्रॅम टाइप करावा. एरर आली तर ती मोठ्याने वाचावी, कारण शोधावं, दुरुस्त करावी. अनुभवी माणूस अडल्यावर काय करतो, हे मुलांना कुठल्याही पुस्तकात दिसत नाही.

विद्यापीठांनी आणि तंत्रशिक्षण मंडळांनी एक बदल येत्या सत्रातच करावा. प्रॅक्टिकलला मुलाच्या हाती बिघडलेला प्रोग्रॅम द्या, तासभर संगणक द्या आणि तो दुरुस्त करायला सांगा.