चाकरमान्याने सॅक पाठीवर कशी घ्यावी

गणपती पोचवून झाले, की मालवणातल्या चाकरमान्याच्या पाठीचे दिवस भरतात. मालवणला रेल्वे नाही. कुडाळ नाहीतर कणकवली गाठायची, तिथून तुतारी किंवा कोकणकन्या. म्हणजे सॅक एसटीत चढवा, उतरवा, फलाटावर न्या, पुन्हा डब्यात कोंबा. एवढ्या उलाढालीत कंबर शाबूत राहावी म्हणून जनहितार्थ हे मार्गदर्शन.

आधी वजनाचं बघू. शाळकरी मुलाचं दप्तर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, असा शासन निर्णय राज्याने जुलै २०१५ मध्ये काढला. मोठ्या माणसालाही साधारण दहा ते पंधरा टक्के पुरे म्हणतात. सत्तर किलोच्या चाकरमान्याला सात किलो, फार तर दहा. सोललेला नारळ अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. हा हिशेब आईला शांतपणे समजावून सांगावा.

"आये, पुरे गो आता."

"पुरे काय पुरे? मुंबयत नारळ केवढ्याक गावता, म्हायत आसा? दोन नारळांचा कसला रे ओझा!"

दोन म्हणून ठेवलेले नारळ पुढे सॅकमधून सहा निघतात. शासन निर्णयात आयांसाठी एकही कलम नाही, ही त्यातली गंभीर त्रुटी.

तेव्हा वजन हातात नाही. निदान मांडणी तरी आहे. जड वस्तू पाठीला लागून, मध्यावर. ती लांब गेली की सॅक मागे ओढते, माणूस तोल सावरायला पुढे वाकतो, मान आणखी पुढे जाते आणि पनवेल यायच्या आत कंबर बोलू लागते. नारळ मात्र थेट पाठीला लावू नये, तो मणक्यांशी वैर धरतो. मध्ये फणसपोळी घालावी. सपाट, चिवट आणि चार घडी पंचात गुंडाळलेली फणसपोळी कुठल्याही महागड्या गादीच्या तोंडात मारेल. कुळथाची पिठी सांदीकोपऱ्यात. आगळाची बाटली बाजूच्या कप्प्यात उभी, पण मग दुसऱ्या बाजूला खोबरेल हवंच, नाहीतर सॅक एका अंगाला कलंडते. सुके बांगडे सगळ्यात बाहेर. त्यांचा त्रास आपल्या पाठीला नव्हे, सहप्रवाशांना.

सॅक जमिनीवरून हिसक्याने उचलू नये. पडवीच्या कट्ट्यावर ठेवावी, तिच्याकडे पाठ करावी, दोन्ही पट्टे खांद्यात घ्यावेत आणि गुडघ्यांच्या जोरावर उठावं. पट्टे एवढे आवळावेत, की सॅकचं बूड कमरेशी थांबेल, ढुंगणावर आपटणार नाही. कमरेचा पट्टा असल्यास बांधावा. खांद्यांवरचा बराच भार तो कमरेच्या हाडांवर घेतो. शोभेचा आहे असं समजून लोक तो कापून टाकतात! कॉलेजातल्यासारखी एकाच खांद्यावर लटकवायची ऐट गावच्या देवचाराच्या हद्दीबाहेर करावी.

सॅकची चेन लागली, की आई कापडी पिशवी घेऊन येते. "ही नुसती हातात धर." इथे दुसरी पिशवी आपणहून मागून घ्यावी आणि माल दोन्ही हातांत सारखा वाटावा. आईला आपण सुधारलो असं वाटतं, ते वाटू द्यावं.

एवढं सगळं जमलं, एसटीचा हॉर्न वाजला, की शेजारची काकी गडग्यापलीकडून धावत येते. "आमच्या चेडवाक तेवढा दी हां, नालासोपाऱ्याक." आपण राहतो कळव्याला. पार्सलाचं वजन किंवा आतला ऐवज विचारू नये. ते छातीशी धरावं, म्हणजे पाठीवरच्या सॅकला तोलही मिळतो.