फळबाजारातले गाडगीळ

अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हटला की मला कोट, चष्मा आणि फळ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा आठवतात. त्या रेषा भेटतात तिथे भाव ठरतो, असे आम्हांला शिकवले होते. मंडईतली एकही बाई मला तिथे आजवर भेटलेली नाही. म्हणूनच धनंजयराव गाडगीळांच्या ग्रंथसूचीवरून फिरणारे बोट मध्येच अडखळते. केंब्रिजला शिकलेला माणूस, हिंदुस्थानच्या औद्योगिक वाटचालीवरचा ग्रंथ 1924 साली, म्हणजे ऐन तेविशीत, ऑक्सफर्डने छापलेला. मग सुरतेला प्राचार्य, आणि 1930 साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली तिचे पहिले संचालक. इथवर सारे रीतसर. आणि 1933 साली त्यांचे पुस्तक आले ते कशावर? पुण्यातल्या फळांच्या विक्रीवर!

मला त्या पुस्तकामागच्या पाहणीपेक्षा ती करायला गेलेल्यांचे कौतुक वाटते. जिथे रुमालाखाली बोटे दाबून सौदे व्हायचे, तिथे वही उघडून बसणे म्हणजे धुक्याकडे पावती मागणे. शेतकऱ्याच्या हाती काय पडते, असे विचारले की अडत्या आधी चहा सांगतो आणि चहा येईपर्यंत हिशेब विसरतो. तरी हे गृहस्थ थांबले नाहीत. 1935 साली त्यांनी सहा जिल्ह्यांतली मोटारबस वाहतूक पाहिली. एसटीच्या आधीच्या त्या सर्व्हिस मोटारींचे वेळापत्रक जुन्या माणसांकडून ऐकावे: भरली की सुटणार! पुढे वाई तालुक्यातली शेती.

या पाहण्यांमधून एकच साधा प्रश्न डोकावतो: रुपयातले कुणाला किती? तो विचारता विचारता प्राध्यापक विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर लोणीच्या माळावर जाऊन पोचले आणि शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. आणि 1967 साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. तिथेही वाटणीच! केंद्राची मदत राज्यांना कशी द्यायची याचे गाडगीळ सूत्र 1969 सालचे. त्यात साठ टक्के भार लोकसंख्येला. राज्येही आपला वाटा मागताना मंडईतल्यासारखीच घासाघीस करतात, हे पाहून गाडगीळांना काही नवल वाटले नसावे.

पुढच्या मोसमात हापूसची पेटी घ्याल तेव्हा भाव जरूर पाडून मागा. फक्त त्यातले बागाईतदाराला किती गेले, तेवढे विचारून बघा. निदान चहा तरी मिळेल.