चार आण्याची कोंबडी
क्लस्टरचं नेटवर्क सांभाळणाऱ्या एका ओपन सोर्स प्रकल्पात, एका एरर मेसेजमध्ये स्पेलिंग चुकलेलं दिसलं. एक अक्षर. म्हटलं, फुकट वापरतो, तेवढं तरी फेडावं. पण चालवून न पाहता कोड पाठवणं बरं दिसत नाही.

प्रकल्प ईबीपीएफवर चालणारा, म्हणजे लिनक्सच्या कर्नलशीच गाठ. माझ्याकडे मॅक. म्हणून मॅकच्या पोटात लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन, त्याच्या पोटात डॉकर, डॉकरच्या पोटात ‘काइंड’चे नोड (तेही कंटेनरच) आणि नोडच्या पोटात पॉड. ‘काइंड’ म्हणजे दयाळू, असं निदान शाळेत शिकलो होतो.

काइंडबरोबर आयतं नेटवर्क येतं. ते आधी बंद करायचं, कारण आपल्याला आपलं बसवायचंय. बंद केलं. लगेच सगळे नोड ‘नॉटरेडी’ आणि कोअरडीएनएस ‘पेंडिंग’, तलाठ्याकडच्या अर्जासारखं. इमेज बांधता बांधता लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. आई आतून म्हणाली, “अरे, मिक्सर बंद कर!”

रात्री दोनला नोड ‘रेडी’ झाले. उत्साहात मीच क्लस्टर डिलीट करायची कमांड मारली, चुकीच्या खिडकीत.

स्पेलिंग अजून तसंच आहे.